तिखाडीच्या तेलाचा निकाल

माणसाला त्वचा असते ही गोष्ट मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी एका सरकारी अर्जावरून कळली. तोवर आम्हा नांदुऱ्याच्या लोकांना कातडी असायची. ती हिवाळ्यात उलायची, उन्हाळ्यात भाजायची, आणि फारच कुरकुर केली तर तिच्यावर खोबरेल चोपडलं जायचं. त्वचा ही पुण्यामुंबईकडची वस्तू आहे असाच माझा समज होता. अर्जात मात्र स्वच्छ छापलेलं होतं : 'सुगंधी घटक वनस्पतिजन्य असल्यास तो त्वचेवर वापरण्यास योग्य असल्याबाबत मूल्यमापन अहवाल जोडावा.'

अर्ज माझ्या बायकोचा होता. दीपमाला आमच्या गल्लीतल्या महिला बचत गटाची सचिव. या गटाने आधी पापड केले, मग शेवया केल्या, मग असा मसाला केला की मी दोन दिवस शिंकत होतो. यंदा कार्तिकात थंडी लवकर पडली आणि गटाने मेण व तिळाचं तेल कढवून हातापायाला लावायचं मलम करायला घेतलं. मलम उत्तम झालं. भेगा आठ दिवसांत भरून यायच्या. फक्त ते लावलं की माणसाला तळणीचा वास यायचा. गुण असूनही वासापायी मागे पडलेली माणसं मी पाहिलेली आहेत, मलम पहिल्यांदाच पाहिलं. त्यावर गटातल्या कुणीतरी तिखाडीचं नाव काढलं. संग्रामपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला हे गवत होतं. त्याला रोशाही म्हणतात. त्याच्या तेलाला जवळजवळ गुलाबाचा वास असतो.

बुलढाण्याला महिन्याभराने बचत गटांचं प्रदर्शन भरणार होतं. तिथं गाळा मिळाला तर या पंधरा बायकांचं वर्षभराचं काम उभं राहणार होतं. गाळ्यासाठी अर्ज, आणि अर्जासाठी हा अहवाल. दीपमाला कार्यालयात जाऊन आली. तिथल्या बाबूंनी सांगितलं, की नमुना रीतसर प्रयोगशाळेत पाठवला तर पाच आठवडे लागतील. मग दीपमालाचा चेहरा पाहून ते म्हणाले, "तुमच्या ओळखीत कोणी केमिस्ट्रीचे सर असतील तर त्यांच्या सहीचा प्राथमिक अहवाल आणा. चालवून घेऊ."

"मग तू काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हटलं, आमचे हे केमिस्ट्रीचेच सर हायेत."

इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी सर नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत परिचर आहे. सव्वीस वर्षं परीक्षानळ्या धुतो, प्रात्यक्षिकासाठी क्षार तोलून ठेवतो आणि ब्युरेट फुटली की ज्या पोराच्या हातून फुटली त्याच्यावर ओरडतो. पण खिशाला पेन लावून कॉलेजच्या फाटकातून आत जाणाऱ्याला गाव सरच म्हणतं. पहिली दोन वर्षं मी लोकांना दुरुस्त करत असे. मग कंटाळलो. मग, खरं सांगायचं तर, आवडायला लागलं.

"हे पाहा, मी सांगून आली तिथं," दीपमाला म्हणाली. "आता नाही म्हणू नका."

मी नाही म्हणालो नाही. उलट त्या रात्री जेवताना मी 'मूल्यमापन' हा शब्द चार वेळा वापरला.

रविवारी मी एस.टी.ने संग्रामपूर गाठलं आणि तिथून डोंगराच्या कडेला, तिखाडीचं तेल काढणाऱ्या गफ्फारभाईंच्या भट्टीवर गेलो. त्यांच्या वडिलांच्या काळापासूनची तांब्याची डेग, खाली लाकडं, आत कोंबलेलं गवत, आणि पाण्याच्या हौदातून फिरवून आणलेली नळी. नळीच्या तोंडाशी थेंब थेंब तेल गोळा होत होतं. उपकरणाची रचना पाहून मी मान डोलावली आणि दोन चुका दाखवल्या. गफ्फारभाईंनी मला पाट दिला, चहा दिला आणि विचारलं, "कशासाठी पाह्यजे, सर?"

"त्वचेसाठी. मूल्यमापन करायचं आहे."

ते हसले नाहीत. त्यांनी आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले. कोपरापर्यंतची कातडी काळवंडलेली होती, जाड झाली होती आणि जागोजाग उललेली होती.

"चाळीस साल झाले," ते म्हणाले. "खुशबू चांगली हाय, पन मिजाज गरम हाय याचा. सांधे दुखले तं लोक लावतात, तेबी दुसऱ्या तेलात मिळवून. खालिस लावाचंच नाही. आनं लावलं तं अंदाजानं. कोनाले मानवते, कोनाले मानवत नाही. मानवलं नाही तं लगेच धुवा लागते."

यावर मी त्यांना या तेलात जिरॅनिऑल नावाचं द्रव्य असतं आणि ते गुलाबातही असतं, हे समजावून सांगितलं. चाळीस वर्षं ज्यात हात बुडवले त्याचं नाव त्या माणसाने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं असेल. त्यांनी सगळं आदरानं ऐकून घेतलं. "असन, सर," ते म्हणाले. "तुम्ही शिकलेले."

मी शिकलेला असल्यामुळे तेल न्यायला घरून डोळ्यांच्या औषधाची बाटली धुऊन आणली होती, रबरी बुचाची. असली तेलं रबर खातात हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला माहीत असायला हवं. मला ते जळगाव जामोदच्या स्टँडवर माहीत झालं. बूच फुगून मऊ पडलं, आणि गाडीने पहिला खड्डा घेताच निम्मं तेल माझ्या सदऱ्याच्या खिशात उतरलं. गाडीत कोंडलेला तो वास पहिली पाच मिनिटं सगळ्यांना आवडला. दहाव्या मिनिटाला एक बाई खिडकीतून ओकली. कंडक्टर म्हणाला, "काका, अत्तराचा धंदा हाय तं टपावर बसा." मी त्याला मूल्यमापन समजावून सांगू लागलो तर त्याने घंटी ओढून गाडीच थांबवली. पुढचे अकरा किलोमीटर मी एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, सोयाबीनच्या पोत्यांवर बसून केले. छातीवर, खिशाच्या जागी, मला दोन दिवस लाल चट्टा होता. तो मी उन्हाच्या आणि पोत्यांच्या नावावर टाकला.

आता प्रमाणाचा प्रश्न आला. मी पुस्तकं चाळली, इंटरनेट चाळलं, आणि शंभर ग्रॅमला एक ग्रॅम असं ठरवून तोलून मापून मलम बनवलं. यात माझी चूक नव्हती, हे मी आजही कुणापुढेही सांगेन. आमच्या बैठकीच्या खोलीत पंधरा बायका बसल्या आणि मलमाची वाटी फिरली. प्रत्येकीने ती दोनदा नाकाशी नेली. शेवटी शालूबाई म्हणाल्या, "वास येते सर, पन आठवून पाहा लागते."

शेजारचे नारायणराव दारातच उभे होते. ते निवृत्त पोस्टमास्तर. आमच्या घरात चार माणसं जमली की आपल्याला बोलावलंच आहे असं ते धरून चालतात. त्यांनी वाटी नाकाशी नेली, डोळे मिटले, बराच वेळ मिटूनच ठेवले आणि निकाल दिला : "शेखरराव, मले काहीच येऊन नाही राह्यलं. मले नाही येत तं गिऱ्हाइकाले काय येईन? वाढवा."

म्हणून मी प्रमाण दुप्पट केलं. नारायणराव म्हणाले, वाढवा. मी तिप्पट केलं. तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली, वाटी खाली ठेवली आणि खिशातून डबी काढून चिमूटभर तपकीर ओढली. हा माणूस चाळीस वर्षं तपकीर ओढतो. त्याच्या नाकाखाली मांजर मरून पडलं तरी त्याला कळायचं नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. पण पंधरा बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि पुन्हा एकवर येणं मला शोभलं नसतं.

चाचणीसाठी गटातल्या आणि शेजारच्या मिळून चोवीस जणी तयार झाल्या. पद्धत मी फळ्यावर काढून समजावली. कोपराच्या आतल्या बाजूला मलमाचा ठिपका, वर चिकटपट्टी, अठ्ठेचाळीस तास पाणी लावायचं नाही. एवढं ऐकताच खोलीत कुजबुज सुरू झाली. कार्तिक महिना चालू होता. बायका पहाटे अंघोळ करून काकड आरतीला जात होत्या. अंघोळ चुकवून देवापुढे उभं कसं राहायचं? मी म्हटलं, एक हात वर धरून अंघोळ करा. करून दाखवलंही. त्याने सभेचं गांभीर्य कमी झालं. मग सगळ्यात वडील असलेल्या रुक्मिणीबाईंनी तोड काढली : दुधाची रिकामी पिशवी कोपराला गुंडाळायची आणि वरून रबर लावायचं.

रुक्मिणीबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. त्यांना मुलगा नाही, नवरा नाही. बोलणं कमी. गटाच्या बैठकीला त्या सगळ्यांच्या आधी येत आणि सतरंजी अंथरत. "सर म्हणतात तं करू ना," त्या म्हणाल्या, आणि चर्चा संपली. प्लास्टिकखाली कोंडलेलं तेल जास्त चावेल हे माझ्या डोक्यात आलं होतं. पण चोवीस जणी कबूल झाल्या होत्या, आणि पुन्हा फळ्यापाशी जायचं माझ्या जिवावर आलं.

तिसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी फॉर्म घेऊन घरोघर फिरलो. फॉर्म मीच तयार केला होता. खाज, लाली, आग, फोड, प्रत्येकापुढे होय आणि नाही. असं फिरणं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. दारात गेलं की खुर्ची यायची. "या सर, बसा सर." मी चष्मा पुसायचो, पेन उघडायचो आणि विचारायचो, "काही त्रास नाही ना?" बाई पदर सावरून म्हणायची, "नाही जी." मी चार ठिकाणी 'नाही'वर खूण करायचो आणि चहा प्यायचो. चोवीस घरांत चोवीस चहा झाले आणि शहाण्णव खुणा झाल्या. कोपर बघायला मागावं असं वाटलं होतं. पण परक्या बायकांना बाही वर करा म्हणायला जीभ उचलेना, आणि त्यांनीही आपणहून ती वर केली नाही.

तरी मी कच्चा माणूस नाही. चाचणीचा दुसरा भाग मी योजला होता. प्रत्येकीला दहा ग्रॅम मलमाची डबी द्यायची, त्याच जागी सात दिवस लावायला सांगायचं, आणि आठव्या दिवशी डब्या परत घेऊन तोलायच्या. किती वापरलं गेलं ते ग्रॅमात कळणार होतं. बाईला त्रास झाला तर ती लावायची थांबेल आणि डबी भरलेली येईल. बोलून नाही सांगितलं तरी वजन सांगेल. या युक्तीचा मला फार अभिमान वाटला होता.

आठव्या दिवशी डब्या आल्या. एकाही डबीत मलम नव्हतं. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. सगळ्या जणींनी डब्या घासून, पुसून, भरून पाठवल्या होत्या. आठ डब्यांत साखर होती, सहांत गूळ, पाचांत भाजलेले शेंगदाणे, तिघींनी तीळ दिले होते, शालूबाईंनी लोणचं दिलं होतं, आणि एकीच्या डबीत तर दोन पेढे दाबून बसवले होते. मी तराजू घेऊन बसलो होतो. दीपमालाने डब्या उघडून पाहिल्या आणि म्हणाली, "पाहा, किती मान देतात तुम्हाले."

मी त्या मानाचं काय करणार होतो? मुदत तीन दिवसांवर आली होती. मी अहवाल लिहिला. 'तपासलेल्या व्यक्ती : चोवीस. त्रास : निरंक. परत आलेल्या सर्व डब्या रिकाम्या, म्हणजे वापर पूर्ण. शेरा : योग्य.' खाली सही केली. हुद्द्याच्या रकान्यात मी बराच वेळ पेन धरून बसलो आणि मग लिहिलं, 'रसायनशास्त्र विभाग'. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

बाबूंनी शिक्का मारला, गाळा मंजूर झाला. गफ्फारभाईंकडून आणखी तेल आणून तीनशे डब्या भरून झाल्या. गल्लीत मला वेगळी किंमत आली. नारायणराव मुंग्यांच्या पावडरीबद्दल माझा सल्ला घेऊन गेले. प्रदर्शनाला दोन दिवस राहिले असताना शालूबाई दारात आल्या आणि म्हणाल्या, "रुक्मिणीबाईले खामगावले दवाखान्यात नेलं. हात सुजला, ताप उतरून नाही राह्यला."

मी आणि नारायणराव गेलो. रुक्मिणीबाई खाटेवर पडल्या होत्या. उजवा हात कोपरापाशी दुप्पट झाला होता, आणि डॉक्टरांनी कापून पू काढला होता. दंडापर्यंत पट्टी होती. तरुण डॉक्टरीणबाई चार्ट हातात घेऊन उभ्या होत्या. रक्तातली साखर साडेतीनशे निघाली होती. रुक्मिणीबाईंना साखर आहे हे मला माहीत नव्हतं. माझ्या फॉर्मात तो प्रश्नच नव्हता.

"आजी, इथं काय लावलं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही बाई. खिचडीची वाफ लागली."

असं म्हणून रुक्मिणीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी समजलो. त्या मला सांगत होत्या की काळजी करू नका, मी सांभाळते. आणि मी काय केलं? मी खाटेच्या दांड्याला धरून उभा राहिलो. बाहेर येऊन चहा घेतला. नारायणराव म्हणाले, "आता बोलून काय फायदा शेखरराव? परवा प्रदर्शन हाय. पंधरा जणींचा घास हाय त्याच्यात." हे त्यांचं म्हणणं मला पटलं, आणि तेवढ्यापुरतं फार बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला अजून लाज वाटते. चहा अर्धा पिऊन झाला होता. डॉक्टरीणबाई वऱ्हांड्यातून जाताना सोबतच्या नर्सला म्हणाल्या, "वाफेचं भाजणं असं दिसत नाही. नेमकं काय लागलं ते कळलं असतं तर बरं झालं असतं." मी पेला ठेवला आणि त्यांच्या मागे गेलो.

त्यांना परत आत आणून रुक्मिणीबाईंच्या खाटेपाशीच सांगितलं. तेल, तीन टक्के, दुधाची पिशवी, आणि मग आणखी सात दिवस त्याच जागी.

"सात दिवस?" डॉक्टरीणबाई रुक्मिणीबाईंकडे वळल्या. "आग होत असताना लावत राहिलात?"

"सरांनी सात दिवस सांगतले होते," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "मंधातच सोडलं असतं तं त्यांचा हिशोब चुकला असता. आनं आग मलेच होत होती. बाकी कोनाले नाही. म्हनलं, आपलीच कातडी खराब."

डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "तुम्ही कोण? प्राध्यापक आहात?"

"नाही," मी म्हणालो. "मी परिचर आहे. नळ्या धुतो."

सव्वीस वर्षांत हे वाक्य इतक्या मोठ्याने मी पहिल्यांदा बोललो होतो. रुक्मिणीबाई चांगल्या हातावर जोर देऊन उठायला लागल्या. "असं नका बोलू सर," त्या म्हणाल्या. "बाई, ते सर हायेत. केमिस्ट्रीचे सर हायेत. लोकं उगाच पोटदुखीनं काहीबाही बोलतात, त्याच्यानं त्यांचं मन मोडलं असन." मला तिथं उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी मी अहवाल मागे घ्यायला बुलढाण्याला गेलो. बाबू गोंधळले. अहवाल दाखल करण्याचा नमुना होता, मागे घेण्याचा नव्हता. मी म्हटलं, मग नवीन अहवाल देतो, 'अयोग्य' असा. ते म्हणाले, "सर, अयोग्यचा अहवाल कोनी जोडतच नाही. त्याले रकानाच नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तीन दिवसांचं प्रदर्शन हाय. तेवढ्यात कोनाले काय होऊन राह्यलं?" मी साध्या कागदावर अर्ज लिहिला आणि आवक खिडकीवर शिक्का मारून घेतला. त्यासाठी पावणेदोन तास रांगेत होतो. खिडकीवरच्या बाईंनी विषय वाचून विचारलं, की हा अर्ज तक्रारीत घ्यायचा की सूचनेत. मी तक्रारीत म्हणालो. कुणाविरुद्ध, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी माझंच नाव सांगितलं. आमचा गाळा संध्याकाळपर्यंत मुरंबेवाल्या गटाला गेला होता.

गल्लीत परतलो तेव्हा शालूबाई रस्त्यातच भेटल्या. त्यांना सगळं कळलं होतं. एवढ्या चिडलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "रुक्मिणीबाईनं नाही सांगतलं, आम्ही नाही सांगतलं, तं तुम्हालेच काऊन सांगाची घाई झाली होती? तीनशे डब्या भरल्या आम्ही. कंबरडं मोडलं." आणि एवढं बोलून, तिथं रस्त्यावरच, त्यांनी उजवी बाही वर केली. कोपराच्या आत रुपयाएवढा काळा डाग होता आणि कडेने खपली धरली होती.

"तुम्हीही?" मी म्हणालो.

"मंग काय! पाच दिवस झोप नाही. मले वाटलं, मलेच होऊन राह्यलं. कोनाले दाखवू? सरांच्या औषधाले नावं ठेवू काय?"

मी घरी जाऊन फॉर्म घेतले आणि पुन्हा चोवीस घरांना निघालो. खरं तर तेवीस. या वेळी कुणी खुर्ची आणली तरी मी उंबऱ्यावर बसलो. 'काही त्रास नाही ना' असं विचारलं नाही. रुक्मिणीबाईंचा हात कसा झाला ते सांगायचो, माझी चूक सांगायचो, आणि गप्प बसायचो. गप्प बसणं मला फार अवघड जातं. पण थोडा वेळ तसं बसलं की घरातली बाई आत जायची, दार ढकलायची, आणि मग बाहेर येऊन बाही वर करायची. तेवीसांतल्या नऊ जणींच्या हातावर डाग होते. नऊच्या नऊ जणींनी एकच गोष्ट सांगितली : वाटलं, आपलीच कातडी खराब.

तिघींनी मला दारातूनच परत पाठवलं. एका घरी नवरा पुढे आला आणि म्हणाला, "तू सर नाही म्हणे बे? मंग आमच्या बायकायच्या हाताले काऊन हात लावला?" मी हात लावला नव्हता. मी फॉर्म उचलून उंबऱ्यावरून उठलो. घरी आलो तर नारायणरावांनी तपकीर ओढत सल्ला दिला, की मी काही दिवस बाहेरगावी जावं, उदाहरणार्थ हिवरा आश्रमाला, तिथं शांती मिळते.

सगळी घरं फिरून झाल्यावर, चौथ्या दिवशी दुपारी घरी बसून मी हे सगळं नीट एका कागदावर उतरवत होतो. तपासलेल्या चोवीस, त्रास झालेल्या दहा, पैकी दवाखान्यात एक. दीपमाला मागच्या दारात उन्हाला बसून तांदूळ निवडत होती. गाळा हातचा गेल्यापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. तिचं नाव माझ्या यादीत नव्हतं. घरचं माणूस घेतलं तर निकाल पक्षपाती होतो, म्हणून मीच ते घेतलं नव्हतं.

"किती झाल्या?" तिने सुपातून मान वर न करता विचारलं.

"दहा."

मग सूप बाजूला ठेवून तिने बाही दुमडली.

"अकरा लिहा," ती म्हणाली.

तिचा डाग सगळ्यांपेक्षा जुना होता. दुसऱ्या बायकांना द्यायच्या चार दिवस आधी तिने स्वतःला लावून पाहिलं होतं. आपल्या हाताने दुसऱ्याला काही द्यायचं तर आधी आपण बघावं, म्हणून. मी तिच्याशेजारी उन्हात बसलो. तीन आठवडे ही बाई मला वाढत होती, माझे कपडे वाळत घालत होती, बाजूला झोपत होती, आणि मी गावभर लोकांच्या हातांबद्दल विचारत फिरत होतो.

"मले का नाही सांगितलं?" मी म्हणालो. मी घरात मराठी नीट बोलतो, पण त्या वेळी तोंडातून 'मले'च आलं.

"पहिले वाटलं, माझंच आंग नाजूक असन," ती म्हणाली. "मंग रुक्मिणीमावशीले दोन वेळा पदराखाली हात खाजवताना पाह्यलं. तेव्हा कळलं मले. कळलं तरी नाही सांगतलं." तिने सुपातला एक खडा काढून दूर टाकला. "तुम्ही फार्म घेऊन जात होते ना रोज सकाळी. भांग पाडून. गाणं म्हणत. सव्वीस वर्षांत तुम्हाले असं कधी पाह्यलं नव्हतं मी. म्हटलं, आठ दिवस अजून जाऊ द्या."

मी तिचा हात उन्हाकडे वळवला आणि डागाच्या कडेला बोट टेकवलं.

"दुखते काय?" मी विचारलं.

"हाव," दीपमाला म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली.